दोन खांद्यांमधली दांडी

जुन्या वस्तूला नवी वस्तू जोडायची म्हटले की घरात दोन तट पडतात. जुन्या दाराला नवी कडी बसवायची असो, विटलेल्या छत्रीला नवी काडी घालायची असो, की आजीच्या पितळी डब्याला नवे बिजागर लावायचे असो. एक पक्ष म्हणतो, एवढ्याने वस्तू आणखी दहा वर्षे जाईल. दुसरा म्हणतो, जिचे दिवस भरले तिच्यावर आता पैसे कशाला घालता? दोन्ही पक्षांत शहाणी माणसे असतात. मौज एवढीच, की ती जुनी वस्तू मात्र कोणी नीट पाहिलेली नसते. सारा वाद चालतो तो नव्या तुकड्यावर.

गेल्या वर्षी आमच्या घरात असे तट पडले ते एका निळ्या दांडीवरून. दांडी हातभरापेक्षा थोडी लांब, पोलादी नळीची. तिच्या दोन्ही टोकांना भोके पाडलेले जाड पत्र्याचे दोन कान. माझ्या भाच्याने ती परगावाहून मागवली होती. तो तंत्रनिकेतनात यंत्रशास्त्र शिकतो, आणि त्या वयात शिकलेली प्रत्येक गोष्ट मामाच्या घरावर करून पाहावी असे वाटणे साहजिकच आहे. गाडीच्या पुढच्या दोन शॉकअपची डोकी एकमेकांना जोडणारी ही दांडी. तिला स्ट्रट ब्रेस म्हणतात. गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा ती नव्हती. हौशी लोक ती मागाहून बसवतात.

आमची गाडी १९९९ सालची मारुती झेन. ही गाडी १९९३ मध्ये बाजारात आली आणि २००६ मध्ये बंद झाली. कोपरे नसलेली, गोळीसारखी गुळगुळीत, ९९३ सी.सी.चे इंजिन असलेली ही लहानशी मोटार ज्यांनी चालवली आहे त्यांना तिच्याविषयी मी अधिक सांगायला नको. खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे दर ५ वर्षांनी गाडी दाखवून ती वाढवून घ्यावी लागते. आमच्या गाडीने तशी नोंदणी २०१४, २०१९ आणि २०२४ अशी तीनदा वाढवून घेतली. कागदोपत्री ती धडधाकट होती.

परंतु घाटात ती कागदाप्रमाणे वागत नव्हती. आम्ही चिपळूणचे. आईच्या डोळ्यांच्या उपचारासाठी महिन्यातून एकदा कराडला जावे लागते, आणि चिपळुणाहून कराडला जायचे म्हणजे कुंभार्ली घाट आला. पोफळी मागे पडली की रस्ता वळसे घेऊ लागतो तो वर हेळवाकच्या बाजूला उतरेपर्यंत. या वळणांवर गाडीचे नाक जरा उशिराने वळे. स्टिअरिंग फिरवावे, एक क्षण काहीच होऊ नये, आणि मग गाडीने एकदम मनावर घ्यावे, असा प्रकार. डाव्या वळणापेक्षा उजव्या वळणावर तो अधिक जाणवे. मागच्या आसनावर आई दोन्ही हातांनी पुढच्या आसनाची पाठ धरून बसलेली असे. ती काही बोलत नसे. आरशात तिची ती घट्ट धरलेली बोटे मला दिसत.

"मामा, तुझ्या गाडीचे खांदे हलतात," भाच्याने निदान केले. "ही दांडी बसव, घाट सरळ होईल."

त्याचे म्हणणे समजून घेण्यासाठी थोडे मागे जायला हवे. आपल्याकडच्या जुन्या ॲम्बॅसडर आणि फियाट गाड्यांच्या पुढच्या चाकांची बांधणी निराळी होती. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि तिच्याबरोबर आपल्या रस्त्यांवर मॅकफर्सन स्ट्रट घरोघर पोहोचला. अर्ल मॅकफर्सन हा अमेरिकन अभियंता. दुसऱ्या महायुद्धानंतर शेवरोलेच्या एका छोट्या, स्वस्त गाडीची आखणी त्याच्याकडे होती. 'कॅडेट' असे तिचे नाव ठरले होते. पण ती कधी विक्रीला आलीच नाही. १९४७ मध्ये तो फोर्डकडे गेला, आणि त्याच्या पद्धतीची पुढची चाके घेऊन १९५० मध्ये इंग्लंडात फोर्डच्या कॉन्सल आणि झेफर या गाड्या लोकांपुढे आल्या. युक्ती मोठी सुटसुटीत. स्प्रिंग आणि शॉकअप एकाच उभ्या खांबात बसवायचे, खांबाचे खालचे टोक चाकाला आणि वरचे टोक गाडीच्या अंगाला जोडायचे. वरचे आडवे हात गेले, सांधे कमी झाले, खर्च वाचला. शिवाय मधली जागा मोकळी झाली, तिथे पुढे आडवे इंजिन मावू लागले. लहान गाड्यांच्या संसारात ही पद्धत एवढी रुळली की आज तिच्याकडे कोणाचे लक्षही जात नाही.

पण संसारात काटकसर केली की तिचा भार कोणीतरी उचलावा लागतोच. इथे तो गाडीच्या दोन खांद्यांनी उचलला. बॉनेट उघडले की डावी-उजवीकडे पत्र्याचे दोन उंचवटे दिसतात, तेच हे खांदे. खड्ड्यात चाक आपटले की तो तडाखा खांबातून सरळ खांद्याला बसतो. वळणावर गाडीचा भार बाहेरच्या चाकावर जातो, रस्ता चाकाला आडवा रेटतो, आणि त्या रेट्याचाही काही वाटा वर चढून खांद्यापर्यंत पोहोचतो. खांदा केसभर हलला तरी चाकाचा उभेपणा बदलतो, टायर रस्त्यावर जसा टेकायला हवा तसा टेकत नाही, आणि चालकाच्या हाताला गाडी सैल लागते. मिठाईच्या खोक्याचे झाकण काढून ते हातात पिळून पाहा. झाकण असताना ताठ असलेले खोके लगेच वाकडे होते. इंजिनाची जागा म्हणजे असेच बिनझाकणाचे खोके. बॉनेट हे काही खरे झाकण नव्हे, ती नुसती फळी. म्हणून दोन खांद्यांच्या मध्ये दांडी घालायची. ती गाडीचे वजन उचलत नाही. दोन खांद्यांमधले अंतर कायम राखते, आणि एकावर आलेला आडवा रेटा दुसऱ्याला वाटून देते.

हे सारे भाचा आईला समजावून सांगत होता. तिने दोन वाक्यांतच त्याला थांबवले. "म्हणजे तुळई म्हण की!" ती म्हणाली.

कोकणातल्या घरात वाढलेल्या बाईला आणखी काय सांगायचे? कौलारू छपराचा भार भिंतींना बाहेर ढकलतो. समोरासमोरच्या भिंतींना तुळई बांधून ठेवते. आईने तुळईचे नाव घेतले, भाच्याने मान डोलावली, आणि ही मंडळी एका पक्षात गेली. दुसऱ्या पक्षात आमच्या घरातली. तिचे म्हणणे, पंचवीस वर्षांची गाडी, ती २०२१ च्या पुरात बुडालेली. तिला साडेतीन हजारांची दांडी म्हणजे म्हातारीला नवी नथ. मी मधल्या जागेवर. मधल्या जागेवरच्या माणसाला शेवटी गाडी घेऊन मिस्त्रीकडे जावे लागते.

आमचे मिस्त्री साठीच्या पुढचे आहेत. त्यांनी दांडी हातात घेतली, वजन पाहिले, कानांची भोके पाहिली, "वस्तू चांगली आहे," म्हणाले आणि ती कोपऱ्यात उभी करून ठेवली. मग बॉनेट उघडले. भाच्याला वाटले, आता पाना हातात घेतील. त्यांनी पेचकस घेतला, आणि त्याच्या लाकडी मुठीने आधी उजव्या खांद्यावर ठोकले. टण्ण आवाज आला. मग डाव्या खांद्यावर ठोकले. तिथे बद्द आवाज आला. भिजलेल्या मडक्यावर टिचकी मारली तर येतो तसा. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मग खांद्याच्या कडेने फासलेला काळा लेप खरवडला आणि पेचकसाचे टोक टेकवून हलके दाबले. टोक आत गेले. लोखंडाच्या पत्र्यात पोलादाचे टोक शिरते तेव्हा काहीही आवाज होत नाही, हे मला त्या दिवशी कळले.

२२ जुलै २०२१ चा तो पूर चिपळुणात कोणी विसरलेले नाही. वाशिष्ठीचे पाणी घराघरांत शिरले. आमच्या गाडीच्या टपाखाली चार बोटे सोडून सगळी गाडी पाण्यात होती. पाणी ओसरल्यावर आम्ही तिच्या आतली आसने उन्हात वाळवली, इंजिन उघडून धुतले, तारा बदलल्या. दोन महिन्यांनी ती सुरू झाली तेव्हा आईने तिच्यापुढे नारळ फोडला. पण गाडीचा पत्रा दुपदरी असतो, आणि दोन पदरांच्या मधल्या पोकळीत बारीक गाळ बसतो तो बाहेरून कोणाच्या दृष्टीला पडत नाही. तो ओल धरून राहिला. कोकणातल्या चार पावसाळ्यांनी त्याला साथ दिली. वरून रंग जसाच्या तसा, आतून पत्रा पापुद्र्यासारखा झालेला.

"गुरुजी," मिस्त्री म्हणाले, "ही दांडी आज बसवली तर गाडी चार दिवस झकास पळेल. तुम्हीच मला सांगाल, फरक पडला. आणि पाचव्या दिवशी घाटात हा कान पत्र्यासकट उपटून येईल. आजी मागे बसतात ना?"

भाचा काही बोलला नाही. पुस्तकात दांडीची आकृती होती, दोन्ही बाजूंना बाण होते, बाणांवर आकडे होते. त्या आकृतीतले दोन्ही खांदे शाबूत होते.

परत येताना मला शाळेतले आकाशकंदील आठवत होते. दर दिवाळीआधी आम्ही मुलांकडून कामट्यांचे कंदील करून घेतो. सांगाडा डगमगू लागला की मुले धावत येतात आणि आणखी एक आडवी कामटी मागतात. ती देण्याआधी मी उभ्या कामट्या चिमटीत धरून पाहतो. कामटी किडलेली असली तर आडवी कामटी बांधून काही होत नाही. उलट, दोरा करकचून आवळला की ती तिथेच मोडते. बांधणारी वस्तू कितीही चांगली असली तरी तिचा जोर तिच्या गाठींपाशी जातो, आणि गाठ ज्याला मारली आहे त्याने तो सोसायला हवा. दांडीचेही तेच. ती रेटा नाहीसा करीत नाही; तो आपल्या दोन्ही टोकांपाशी आणून ठेवते. टोकाखालचा पत्रा धड असेल तर तो रेटा पसरतो. कुजका असेल तर भोकाभोवती तडा जातो, आणि दांडी नसती तर दोन वर्षांनी झाले असते ते दोन महिन्यांत होते.

घरी आता वादाचे रूपच पालटले. दांडीवर कोणी बोलेना. प्रश्न गाडीचा होता. खांदा कापून नवा पत्रा घालायचा, त्याबरोबर शॉकअपची माउंटिंग, खालच्या आर्मचे बुश बदलायचे, म्हणजे दांडीच्या कितीतरी पट खर्च. तेवढ्यात भंगारात देऊन मोकळे व्हावे, असे घरातली म्हणाली, आणि तिचे म्हणणे चूक नव्हते. कराडला जायला भाड्याची गाडी मिळते. आईने एवढेच विचारले, "भाड्याची गाडी आतून कोण बघणार?" मग तिनेच सांगितले की त्या उंच गाड्यांत पाय वर उचलून ठेवावा लागतो, तो आता उचलत नाही. तिला डोळ्यांनी अंधूक दिसते. या गाडीचे दार, कडी, आसनाची कड, सारे तिच्या हाताला ठाऊक आहे. पुढे वाद झाला नाही.

मिस्त्रींनी पाच दिवस घेतले. मी शाळा सुटल्यावर जाऊन बसे. आधी त्यांनी बॅटरीच्या तारा सोडवल्या, स्प्रिंगसकट सबंध खांब खाली उतरवला. कुजलेला पत्रा ते कापीत गेले, तो चकचकीत, निरोगी लोखंड लागेपर्यंत. तळहाताएवढे वाटले होते ते ताटाएवढे निघाले. कापण्यापूर्वी त्यांनी उजव्या खांद्यापासून आणि मागच्या भिंतीपासून फितीने मापे घेऊन भिंतीवर खडूने लिहिली होती. नवा पत्रा टाके घालून बसवताना प्रत्येक टाक्यानंतर ती मापे पुन्हा घेतली. खांदा चार सुतांनी जरी सरकला तरी चाक जन्मभर तिरके राहील, असे ते म्हणाले. शेवटी आतून-बाहेरून गंजरोधक रंग दिला आणि पोकळीत मेणासारखे तेल मारले. मग चाकांची दिशा यंत्रावर लावून घेतली.

भाच्याने आशेने कोपऱ्यातली दांडी उचलली. मिस्त्री म्हणाले, "महिनाभर थांब. नुसत्या दुरुस्तीवर चालवा. टाक्यांना तडा जातो का ते मला बघायचंय."

त्या महिन्यात आम्ही एकदा घाट चढलो. गाडीने फिरवलेले स्टिअरिंग ऐकले. उशीर जवळजवळ गेला होता. म्हणजे आम्ही ज्या दुखण्यावर दांडीचे औषध आणले होते ते चौदा आणे आधीच बरे झाले होते. भाच्याचा चेहरा पाहून मला वाईट वाटले.

महिन्याने टाके तपासून मिस्त्रींनी परवानगी दिली, आणि हे काम त्यांनी भाच्याच्याच हातून करवले. गाडी सपाट जागेवर, चाके जमिनीवर, सारे वजन चाकांवर. खांद्यावर मधोमध एक मोठा नट असतो आणि त्याच्या भोवती लहान नट. "मधल्याला हात लावायचा नाही," मिस्त्री तीनदा म्हणाले. मधला नट दाबलेल्या स्प्रिंगला धरून असतो. तो सुटला तर स्प्रिंग माणसाला जायबंदी करू शकते. फक्त भोवतालचे नट काढले, दांडीचे कान त्या आट्यांवर बसवले, नट हाताने फिरवून मग मोजमापाच्या पान्याने आवळले. दांडीच्या मध्ये लांबी कमी-जास्त करणारी एक फिरकी असते. भाचा ती जोराने फिरवू लागला तेव्हा मिस्त्रींनी त्याचा हात धरला. दांडीने खांद्यांना ढकलायचेही नाही आणि ओढायचेही नाही. ढिलाई गेली की थांबायचे.

बॉनेट दांडीला लागते की काय, हा एक प्रश्न उरला. त्यासाठी आईने घरून कणकेचा गोळा दिला होता. तो दांडीवर ठेवून बॉनेट लावले, पुन्हा उघडले. गोळा बोटभर जाडीचा राहिला होता. म्हणजे तेवढी फट होती.

आता फरक पडला का? भाचा म्हणतो, आकाशपाताळाचा. मला विचाराल तर रुपयात दोन आणे. एखाद्या आवळ वळणावर, मध्येच खड्डा आला असता, पूर्वी नाक जे किंचित भरकटे ते आता भरकटत नाही. स्टिअरिंग हाताला थोडे घट्ट लागते. सरळ रस्त्यावर, गावात, मला तरी काही जाणवत नाही; जिचे खांदे मुळात मजबूत आहेत अशा गाडीला ही दांडी बसवून फारसे पदरात पडणार नाही, असे मिस्त्रीही म्हणतात. शिवाय एका बाजूला मोठी धडक बसली तर तीच दांडी तो धक्का दुसऱ्या खांद्यापर्यंत नेऊ शकते, हेही त्यांनी लपवले नाही. दोन आण्यांचा नफा आहे आणि त्याचा हिशेब असा आहे.

तरीही ती दांडी आणली नसती तर काय झाले असते, हा विचार माझ्या मनातून जात नाही. नोंदणी वाढली होती, रंग चांगला होता, इंजिन एका किल्लीत सुरू होत होते. त्या काळ्या लेपाखाली पेचकस टेकवायला कोणाला कारणच नव्हते. कारण दिले ते या निळ्या, परक्या, हौसेने मागवलेल्या वस्तूने. तिला टेकायला जागा हवी होती, आणि जागा द्यायची म्हणून आम्ही ती पाहिली. जुन्या घरात सून आली की कधी कधी असे होते. ती फार काही बदलत नाही. पण तिचे कपाट ठेवायला भिंत पाहावी लागते, आणि भिंतीतली ओल वीस वर्षांत पहिल्यांदा घरातल्यांच्या लक्षात येते.

आईला फरकाविषयी विचारले तेव्हा ती म्हणाली, "मला काय कळतं त्यातलं? तुम्ही आतून पाहिलंत, पुरे झालं." कराडच्या वाटेवर ती अजूनही पुढच्या आसनाची पाठ धरते. मात्र आता एकाच हाताने. दुसऱ्या हातात आलेपाकाच्या वड्यांची पुडी असते.

भाच्याने प्रत्येक नटावरून खालच्या पत्र्यावर उतरणारी पांढऱ्या रंगाची एक बारीक रेघ ओढून ठेवली आहे. नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसेल. दर दोन-तीन महिन्यांनी मी बॉनेट उघडून त्या रेघा पाहतो, आणि पाहता पाहता खांद्यावर मुठीने एकदा ठोकतो. या दिवाळीच्या साफसफाईत घरातली कपाटे भिंतीपासून ओढून काढली, तेव्हा मी अंगणात जाऊन गाडीचेही बॉनेट उघडले. दोन्ही खांदे टण्ण वाजले.